पळणारं अक्षर, पडणारं अक्षर

मागच्या मे महिन्यात एका शेतकरी मंडळासाठी मी गुलाबी बोंडअळीवरचं पत्रक केलं. दोन हजार प्रती, दोन्ही बाजूंनी छपाई, आणि पेरणीच्या आत लोकांच्या हातात पडायला हवं अशी घाई. मजकूर त्यांनीच दिला होता. मान्सूनपूर्व कपाशी लावू नका, कामगंध सापळे लावा, डोमकळ्या (अळी लागल्यानं न उमलणारी फुलं) दिसल्या की तोडून नष्ट करा, फरदड (वेचणीनंतर तेच झाड राखून घेतलेलं पीक) घेऊ नका. माझं काम एवढंच, की हे सगळं एखाद्यानं बियाण्याच्या दुकानाबाहेर, एका हातात पिशवी धरून, उभ्या उभ्या वाचावं.

मथळा नुसता ठळक ठेवायला मन होईना. त्यात जरा लगबग हवी होती. म्हणून कोरल ड्रॉमध्ये ओळ निवडली, तिच्यावर दोनदा क्लिक केलं आणि वरच्या मधल्या खुणेला धरून उजवीकडे ओढलं. ओळ तिरकी झाली. स्क्रीनवर झकास दिसली. रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते, छापखान्याचा माणूस दोनदा फोन करून चुकला होता. फाइल पाठवून दिली आणि झोपले.

चार दिवसांनी मंडळाच्या बैठकीत एरंडोलकडच्या एका काकांनी पत्रक डोळ्यांपासून लांब धरलं आणि मोठ्यानं वाचलं, "गुलाबी बोडंअळी." थांबले. पुन्हा वाचलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, ही कोणती नवीन निघाली हो?"

सगळे हसले. मीही हसले, पण कानशिलं तापली होती.

घरी येऊन मथळा भिंगाखाली धरला. अनुस्वार मी चुकीचा टंकलेला नव्हता, होता तिथंच होता. पण 'बों'ची रचना बघा. 'ब'च्या उजव्या कडेला काना, कान्याच्या डोक्यावर मात्रा, आणि मात्रेच्याही पलीकडे अनुस्वार. अक्षर खालून घट्ट धरून वरून ढकललं, की जे जितकं उंच ते तितकं जास्त सरकतं. अनुस्वार सगळ्यांत उंच. तो सरकत सरकत गेला तो थेट 'ड'च्या टाळूवर जाऊन बसला. 'गु'चा उकार तेवढाच उलट बाजूला, डावीकडे, घसरला होता. ओढताना मी अंश पाहिलेच नव्हते. आता पाहिले तर चोवीस.

चोवीस अंश म्हणजे फार झाले. हे मला दहाव्या वर्षीच सांगून झालं होतं, आणि अंश हा शब्दसुद्धा न वापरता.

अमळनेरला आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक पेंटर राहायचे. त्यांचं नाव गल्लीत कुणी घेत नसे, सगळ्यांचे ते पेंटरआबा. वैशाखात बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा भरते, तिच्या आधीचे पंधरा दिवस आबांना जेवायला फुरसत नसायची. पाळणेवाले, रसवंतीवाले, भांडीवाले, फोटो स्टुडिओवाले, सगळ्यांना पाटी हवी, आणि सगळ्यांना उद्या हवी. आमच्या ओट्यापासून त्यांच्या दारापर्यंत भिंतीला टेकवलेले पत्रे वाळत असत. शाळेला सुट्टी लागलेली. मी डबा धरायला, ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवून ठेवायला आणि मुख्य म्हणजे ओल्या पत्र्यांवर कोंबड्या चढणार नाहीत हे बघायला तिथं असायची.

आबा आधी दोन आडव्या रेघा मारत. खडूच्या पुडीतून ओढलेली दोरी पत्र्याच्या दोन कडांना ताणायची, मधोमध चिमटीत उचलायची आणि सोडायची. सप्प असा आवाज होई आणि काळ्या पत्र्यावर पांढरी रेघ उठे. दोरीचं एक टोक धरायचा मान माझा. सरळ अक्षरांची पाटी असेल तर एवढ्यावर ब्रश सुरू. तिरकी असेल तर आणखी एक पायरी होती. खालच्या रेघेवर एक ठिपका, त्याच्या बरोबर वर वरच्या रेघेवर दुसरा, आणि त्या दुसऱ्या ठिपक्याच्या उजवीकडे ते आपल्या उजव्या हाताची बोटं आडवी ठेवत. फूटभर उंच अक्षराला तीन बोटं. जिथं तिसरं बोट संपेल तिथून खालच्या ठिपक्यापर्यंत रेघ. मग पत्राभर त्याच तिरपेपणाच्या फिकट रेघा, पावसाची सर पडावी तशा.

हा हिशेब मी परवा कागदावर मांडून पाहिला. तीन बोटं म्हणजे साधारण सव्वादोन इंच, उंची बारा इंच, कोन निघाला साडेदहा अंश. छापील पुस्तकांतल्या बऱ्याचशा इटॅलिक टाइपांचा तिरपेपणा आठ ते बारा अंशांच्या आसपास असतो. आबांनी यातलं एकही पुस्तक पाहिलेलं नव्हतं.

एकदा त्यांनी मला पत्र्याचा एक तुकडा दिला आणि 'रसवंती' लिहायला सांगितलं, तिरकं. मी आधी सरळ 'रसवंती' गिरवलं आणि मग प्रत्येक रेघ तेवढीच उजवीकडे कलती करून रंगवली. मला ते हुबेहूब वाटलं. आबांनी माझा तुकडा आपल्या पाटीशेजारी ठेवला, बिडी पेटवली आणि म्हणाले, "देख वं बाई. हाई अक्षर पळी ऱ्हायनं. नि हाई पडी ऱ्हायनं."

पळत होतं ते त्यांचं. पडत होतं ते माझं.

मग त्यांनी ब्रशच्या मागच्या टोकानं दाखवलं. त्यांच्या 'स'चं पोट माझ्यापेक्षा आवळलेलं होतं. 'व'चा गोल त्यांनी कलता करताना एका अंगाला सुकवला होता, नाहीतर तो फुगतो. काना खाली जाताना निमुळता. आणि 'वं'वरचा अनुस्वार त्यांनी बोटभर मागे ओढून घेतला होता, 'व'च्या अंगाशी. पुढे जाऊ दिला असता तर तो 'ती'च्या वेलांटीत अडकला असता.

म्हणजे माझी चूक तीस वर्षांपूर्वीच दाखवून झाली होती. मी फक्त पत्रा सोडून माऊस धरला आणि ती नव्यानं केली.

आबांची आणखी एक खोड सांगितल्याशिवाय राहवत नाही. टेम्पोच्या दोन्ही अंगांना नाव लिहायचं असेल, तर उजव्या बाजूची अक्षरं ते नेहमीसारखी उजवीकडे झुकवत आणि डाव्या बाजूची डावीकडे. लहानपणी मला वाटायचं, हे उगाच. आता जळगावहून रात्री पुण्याला सुटणाऱ्या ट्रॅव्हल्सच्या गाड्यांकडे फुटपाथवरून बघते तेव्हा कळतं. आपल्याकडे चढायचं दार डाव्या अंगाला, म्हणजे प्रवासी उभा असतो त्या बाजूनं गाडीचं तोंड त्याच्या डावीकडे असतं. त्या अंगावर उजवीकडे झुकलेलं नाव लिहिलं, की गाडी पुढे निघालेली आणि नाव मागे रेललेलं. बैलानं मागचे पाय रोवावेत तसं. आता विनाईलचा एकच स्टिकर दोन्ही बाजूंना चिकटवतात. ड्रायव्हरच्या बाजूनं गाडी पळते, प्रवाशांच्या बाजूनं ती येत नाही म्हणते. हे एकदा दिसलं की दिसत राहतं, त्याबद्दल आधीच माफी मागते.

बोंडअळीच्या प्रकरणानंतर मी जरा हट्टानं या तिरक्या अक्षराच्या मागे लागले. त्याचं मूळ गाव व्हेनिस. तिथल्या आल्डस मॅन्युशियस या प्रकाशकानं १५०१ मध्ये व्हर्जिलची काव्यं हातात मावतील अशा छोट्या आकारात काढली, आणि अख्खं पुस्तक इटॅलिकमध्ये छापलं. ठसे कोरले होते फ्रांचेस्को ग्रिफो या कारागिरानं. यातली गंमत अशी, की इटॅलिक तेव्हा कशावर जोर द्यायला नव्हतं. तिरका शब्द म्हणजे महत्त्वाचा शब्द, हे फार नंतरचं. ग्रिफोपुढे नमुना होता तो तिकडच्या शिकलेल्या लोकांच्या आणि कचेऱ्यांतल्या लेखनिकांच्या भरभर लिहायच्या वळणाचा. हात वेगानं चालला की अक्षर कलतं, एकमेकांना चिकटतं, अरुंद होतं. सरळ रोमन अक्षरातली मोठी लिपी दगडावरच्या छिन्नीतून आली आणि हे वळण लेखणीतून. दोन्ही वेगळ्या घरच्या. त्या पहिल्या इटॅलिकमध्ये फक्त लहान लिपी तिरकी आहे, मोठी अक्षरं तशीच ताठ उभी. वर्गात सगळी पोरं वाकून लिहिताहेत आणि मास्तर मात्र सरळ, असं ते पान दिसतं.

म्हणजे इटॅलिक हे मुळात ढकललेलं अक्षर नव्हेच. ते पळत आलेलं अक्षर आहे.

पुढे शतकं गेली आणि अक्षरांचे पाय कापायची टूम निघाली. रोमन अक्षरांच्या टोकांना जे बारीक पाय असतात त्यांना सेरिफ म्हणतात. ते काढून टाकले की सॅन्स सेरिफ. १८१६ मध्ये लंडनच्या विल्यम कॅस्लन चौथ्यानं असा टाइप आपल्या नमुन्यांच्या पुस्तकात दाखवला, तोही फक्त मोठ्या लिपीचा. जाहिराती, दुकानाच्या पाट्या यांनी तो उचलून धरला. पण या बिनपायाच्या अक्षराला लेखणीतला भाऊच नव्हता. ते कुणाच्या हाताचं वळण नव्हतं. मग त्याचं इटॅलिक कसं करायचं? बहुतेकांनी मी केलं तेच केलं, ढकललं. फक्त शहाणपणानं.

१९५७ साली दोन मोठे टाइप आले. स्वित्झर्लंडच्या हास या टाइप फाउंड्रीतून मॅक्स मीडिंगर आणि एडवर्ड हॉफमन यांचा एक, तो पुढे १९६० पासून हेल्व्हेटिका म्हणून जगभर गेला. दुसरा आड्रियान फ्रुटिगरचा युनिव्हर्स. फ्रुटिगरनं सुरुवातीलाच एकवीस नमुन्यांचं कुटुंब आखलं आणि नावांऐवजी त्यांना आकडे दिले. ५५ म्हणजे नेहमीचा सरळ, ५६ म्हणजे त्याचाच तिरका. रेल्वेच्या डब्यांसारखं. या दोन्ही टाइपांमधली तिरकी अक्षरं म्हणजे सरळ अक्षरंच, कलवलेली. पण कलवून सोडून दिलेली नव्हेत. रबराची जाड बांगडी टेबलावर उभी धरा आणि वरचा भाग उजवीकडे रेटा. उजवीकडचा वरचा कोपरा आणि डावीकडचा खालचा कोपरा जाड होतो, उरलेले दोन बारीक पडतात. अक्षराच्या गोलाचं नेमकं हेच होतं. म्हणून चांगला कारागीर तो गोल पुन्हा हातानं भरतो, इथं छाटतो, तिथं चढवतो. आबा 'व' एका अंगाला सुकवत होते तो हाच उद्योग.

दुसरी वाट एरिक गिल या इंग्रज कारागिराची. त्याचा गिल सॅन्स १९२८ मध्ये मोनोटाइप कंपनीनं आणला. त्याच्या तिरक्या अक्षरांत लेखणीची आठवण शिल्लक आहे. इंग्रजीतलं लहान 'ए' डोक्यावरची टोपी काढून नुसता गोल आणि दांडी होतं, आपण शाळेत चार रेघी वहीत काढायचो तसं. नंतरच्या काळात लेखणीकडे परत जाणारे असे बिनपायाचे इटॅलिक बरेच झाले, आणि त्यातला एक तुमच्या कॉम्प्युटरवर आहे. करून बघा. वर्डमध्ये लहान 'ए' टंका, एकदा एरियलमध्ये आणि एकदा कॅलिब्रीमध्ये, आणि दोन्हीकडे 'आय'चं बटण दाबा. एरियलचं 'ए' टोपीसकट कलंडतं. कॅलिब्रीचं 'ए' टोपी उतरवून धावायला लागतं. कॅलिब्री लुकास डे ग्रूट या डच कारागिराची. २००७ च्या ऑफिसपासून कितीतरी वर्षं वर्ड उघडलं की पहिलं अक्षर तिचंच उमटायचं. बँकेची पत्रं, कॉलेजच्या नोटिसा, लग्नाच्या खर्चाच्या याद्या, सगळं तिच्यात. इतकी वर्षं एक उत्तम इटॅलिक आपल्या बोटाखाली होतं आणि आपण ते कधी निरखलं नाही. मी तर नाहीच, आणि माझं पोट यावर चालतं.

मला स्वतःला गिलच्या वाटेचं जास्त पटतं. युनिव्हर्सची शिस्त बघून छाती दडपते, पण शब्दांच्या गर्दीत एखादा शब्द वेगळा ऐकू यायला हवा असेल, तर तो नुसता वाकून उपयोग नाही, त्याचा आवाजही थोडा बदलायला हवा.

आणि असा वेगळा आवाज खरोखर लागतो कुठे? इंग्रजीत पुस्तकांची नावं, परक्या भाषेतले शब्द, जहाजांची नावं. माझ्या धंद्यात तो सगळ्यात जास्त लागतो किडी-रोगांच्या पत्रकांत. वनस्पती आणि प्राण्यांची शास्त्रीय नावं तिरकी छापायची जगभरची रीत आहे. वंशाचं नाव आधी, जातीचं मागून, दोन्ही तिरकी. गुलाबी बोंडअळी म्हणजे पेक्टिनोफोरा गॉसिपिएला. त्या दुसऱ्या नावात कापूसच आहे, कारण कपाशीच्या वंशाचं नाव गॉसिपियम. आपला देशी कापूस गॉसिपियम आर्बोरियम, अमेरिकन तो गॉसिपियम हिर्सुटम. वाक्याच्या मध्येच ही दोन तिरकी अक्षरपाखरं दिसली, की वाचणाऱ्याला कळतं, इथं बोलीभाषा संपली आणि शास्त्राची सुरू झाली. एवढंसं काम, पण नेमकं.

हीच नावं मराठीत आली की आमची पंचाईत होते. देवनागरीत तिरक्या टाइपाची परंपराच नाही. जुन्या छापखान्यांतली मराठी पुस्तकं काढून बघा. जोर द्यायचा असेल तर ठळक खिळे, नाहीतर अवतरणचिन्हं. जुळाऱ्याच्या केसमध्ये तिरक्या देवनागरीचा कप्पा नव्हता. कॉम्प्युटर आला आणि इंग्रजीसाठी बनवलेलं 'आय'चं बटण आपल्याही हाताखाली आलं. फॉन्टमध्ये तिरकी अक्षरं नसली तरी बटण नाही म्हणत नाही. तो कॉम्प्युटर स्वतःच अक्षर ढकलून देतो. वेबसाइटवर, मोबाइलवर आपण जे तिरकं मराठी वाचतो त्यातलं पुष्कळ असं ढकललेलंच असतं. कुणी काढलेलं नसतं.

आणि आपलं अक्षर ढकलायला सोपं नाही. इंग्रजी अक्षर जमिनीवर उभं असतं. वरून रेटलं की झुकतं, पण पाय जागेवर राहतात. आपलं अक्षर शिरोरेषेला टांगलेलं. दोरीवर वाळत घातलेल्या धोतरासारखं. धोतर कलतं तेव्हा वरची चिमटी जागेवर असते आणि खालचा काठ उडतो. म्हणून तिरकी देवनागरी पाहताना डोळ्याला नक्की कळत नाही, की अक्षर पुढे झेपावलंय की त्याचे पाय मागे उडालेत. त्यात शिरोरेषा आडवीच राहते, ती कितीही ढकला, कलणार नाही. वर मात्रा, रफार, अनुस्वार, खाली उकार, ऋकार. एकाच खुंटीला दोन्हीकडून लटकलेला संसार.

आणखी एक गोष्ट मला बोरू हातात घेतल्यावर कळली. देवनागरीसाठी बोरूचं टोक ज्या बाजूनं तिरपं कापतात, ते इंग्रजी लिहिणाऱ्यांच्या कापाच्या उलट. त्यामुळे आपल्या गोलाईत जाडी जिथं येते तिथं त्यांच्याकडे बारीकपणा. आता रबराची बांगडी आठवा. ढकलल्यावर ज्या कोपऱ्यात जाडी चढते, ते कोपरे इंग्रजीला सोयीचे आहेत, तिच्या लेखणीची जाडी तिथंच होती. आपली नेमकी तिथं नसते. म्हणजे 'आय'चं बटण आपल्या 'व'ला, 'ब'ला, 'क'ला बोरूच्या विरुद्ध ओढतं. ठळक मथळ्यात हे लपत नाही.

मग आपल्याकडे पळणारं अक्षर कधी नव्हतंच का?

चाळीसगावजवळ पाटण्याला एक शिलालेख सापडला, शके ११२८ चा. भास्कराचार्यांच्या नातवानं, चांगदेवानं, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, त्याला दिलेल्या दानाचा तो लेख. शेवटचा भाग मराठीत आहे. छायाचित्रात ती अक्षरं बघितली की वाटतं, छिन्नीला घाई माहीतच नाही. प्रत्येक अक्षर आपापल्या जागी रुजलेलं. हे आपलं उभं अक्षर, याचाच वारस बाळबोध.

आणि पळणारं आमच्याच घरात होतं, माडीवरच्या पत्र्याच्या ट्रंकेत. पणजोबांच्या नावावरच्या शेताचं खरेदीखत. मोडीत. वडिलांनाही ते वाचता येत नसे, पण दर दिवाळीला ट्रंक उघडून ते ऊन दाखवून पुन्हा घडी करून ठेवत. बोंडअळीनंतर मी ते मागून आणलं आणि भिंगाखाली धरलं. आधी कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत एक सलग रेघ मारलेली. मग तिच्याखाली बोरू धावत सुटलाय, शक्यतो न उचलता. शब्द सुटे नाहीत, काना पुढच्या अक्षराला हात देतो, वेलांटी मागच्याला. बाळबोधीतलं अक्षर आणि त्याचंच मोडीतलं अक्षर यांचं नातं कधी ओळखू येतं, कधी मुळीच येत नाही, जसं टोपीवाल्या 'ए'चं आणि टोपी काढलेल्या 'ए'चं. काही ठिकाणी शाई संपत आलेली दिसते आणि तरी हात थांबलेला नाही, पुढच्या शब्दावर बोरू बुडवून काळाकुट्ट उमटलाय. कारकुनाला पुढचं खत लिहायचं असणार.

व्हेनिसच्या लोकांनी कचेरीतलं धावतं अक्षर उचललं, छापलं, आणि पुढे ते सरळ अक्षराच्या शेजारी, एकाच ओळीत जाऊन बसलं. आपल्याकडेही दोन्ही होती, बाळबोध पोथीसाठी, मोडी दप्तरासाठी. पण त्यांना एका ओळीत कुणी बसवलं नाही. छपाईची रुळवाट बाळबोधीनं धरली, मोडी दप्तरात राहिली आणि शाळांतूनही गेली. २०१४ मध्ये मोडीला युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, जागा मिळाली, आणि आता नोटो सॅन्स मोडी नावाचा फॉन्ट फुकट उतरवून घेता येतो. बिनपायाची, नीटस, एकसारख्या जाडीची मोडी. मी तो लावून पणजोबांचं नाव लिहून पाहिलं. छान आलं. पण धावत नव्हतं, फोटोसाठी उभं राहिलं होतं.

यावरून कुणी मला मोडी वाचवा मोहिमेत ओढू नये. बोंडअळीच्या पत्रकात मोडी घातली तर एरंडोलचे काका मला दारात उभं करणार नाहीत, आणि त्यांचं बरोबरच असेल. मला एवढंच दिसलं, की आपली तिरकी देवनागरी कधीतरी व्हायची असेल तर ती 'आय'च्या बटणातून निघणार नाही. कुणालातरी बसून एकेक अक्षर काढावं लागेल. 'क' धावताना कसा दिसतो, 'ळ'चे दोन गोल एकाच वेळी कसे कलतात, जोडाक्षरं श्वास कुठे घेतात. इंग्रजीत एका वळणाची सव्वीस लहान आणि सव्वीस मोठी अक्षरं. आपल्याकडे जोडाक्षरं धरली की काही शेकडे ठसे काढावे लागतात. या कामाला पैसे कोण देणार, हा प्रश्न मी इथं टाळते.

मी काढली सात. 'गुलाबी बोंडअळी' एवढ्यापुरती. आधी कागदावर पेन्सिलनं, मग कॉम्प्युटरवर. कोन साडेदहाचा धरला होता, पण आबांचा पत्रा फूटभराचा आणि माझा मथळा बोटभराचा. लहान आकारात तो जास्त वाटायला लागला. नऊवर आणला, मग आठवर थांबले. 'गु'चा उकार उजवीकडे ओढून पुन्हा 'ग'च्या पोटाखाली आणला. 'ळ' चार वेळा खोडला. अनुस्वार मात्रेच्या कुशीत, मागे. तो हलवायला अर्धं मिनिट लागलं असेल, आणि त्या अर्ध्या मिनिटात टर्पेंटाइनचा वास आला म्हणाल तर आला.

शास्त्रीय नाव देवनागरीत सरळच ठेवलं, त्याच्याखाली बारीक लॅटिन अक्षरांत तिरकं. जिथली रीत तिथं. पाचशे प्रती स्वतःच्या खर्चानं पुन्हा छापल्या. काकांना मुद्दाम नेऊन दिली. त्यांनी लांब धरून वाचली, एकदाही अडखळले नाहीत, आणि मान वर करून म्हणाले, "फरदड घेऊ नका म्हणता, पण कापसाला भाव असला तर कोण सोडेल हो ताई?" अक्षरांबद्दल चकार शब्द नाही. मला तेच हवं होतं. फरदडीचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

आबा जाऊन आता बरीच वर्षं झाली. दिवाळीला अमळनेरला गेले तेव्हा त्यांची एक भिंत अजून आहे असं भावानं सांगितलं. बाजारपेठेच्या मागच्या अंगाला बंद पडलेलं गोदाम, त्यावर 'खते व बियाणे' तिरक्या अक्षरांत, भिंतीचा वरचा अर्धा भाग एका फ्लेक्सखाली गेलेला. फ्लेक्सवरचीही अक्षरं तिरकी होती, ढकललेली.

ओढणीचा एक धागा काढला, त्याला घराची किल्ली बांधली. भावानं स्टुलावर चढून 'खते'मधल्या 'ते'च्या दांडीच्या डोक्याशी धागा धरला, किल्ली खाली सोडली, ती हलायची थांबेपर्यंत आम्ही दोघं थांबलो. चहाच्या टपरीवरून कुणीतरी विचारलं, "काय मोजताय ताई, भिंत घ्यायची का?" दांडीचा पाय आणि धागा यांच्यामधल्या जागेत मी बोटं आडवी ठेवली. अक्षराची उंची फूटभरच होती. तीन बोटं पुरली नाहीत, चौथं लावावं लागलं. माझी बोटं त्यांच्यापेक्षा बारीक आहेत. 'बियाणे'च्या शेवटच्या 'णे'शी पुन्हा मोजलं, तिथं पाचवं लागलं. पत्र्याचं पन्हाळं आडवं आल्यामुळे तिथं शिडी नीट लागत नसणार, बहुतेक हात लांबवून रंगवलंय.